लघवीत साखर, रक्तात नाही

नोकरीवर रुजू होण्याआधीच्या तपासणीत माझ्या लघवीत साखर सापडली, दोन प्लस. आईने लगेच मधुमेहाचं निदान करून टाकलं. पण उपाशीपोटी रक्तातली साखर ८८ होती आणि जेवणानंतरची ११२. लघवी पुन्हा तपासली, तरी दोन प्लसच.

किडनीच्या डॉक्टरांनी २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमा करायला सांगितली. शिवाय फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि अमिनो आम्लंही तपासली. साखरेबरोबर तीही वाहून जात असती, तर आजार मोठा असता. तसं काही नव्हतं. जात होती ती फक्त साखर, दिवसाला आठ-नऊ ग्रॅम.

मग त्यांनी कागदावर आकृती काढून जे समजावलं, ते ऐकताना मी थक्क झाले. किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. त्या गाळपात दीडशे ग्रॅमहून जास्त साखर आणि जवळपास दीड किलो मिठाइतकं सोडियम खाली उतरतं, आणि हे बहुतेक सगळं शरीर परत रक्तात घेतं. रोज, न चुकता! सूक्ष्म नळीच्या पहिल्याच भागात एसजीएलटी२ नावाचं प्रथिन सोडियमच्या ओढीने ग्लुकोज आत घेतं. सुमारे ९० टक्के साखर तिथेच परत मिळते, उरलेली पुढे एसजीएलटी१ टिपतं. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ही यंत्रणा कमी पडते. माझं एसजीएलटी२ जन्मापासूनच थोडं कमी काम करतं. उपचार काही नाही, गरजही नाही.

काही वर्षांनी दादाला मधुमेह झाला आणि डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन लिहून दिलं. ही गोळी नेमकं तेच प्रथिन अडवते. माझ्यात जे उपजत आहे, ते दादा रोज सकाळी पाण्याबरोबर घेतो. त्याच्या रिपोर्टवर चार प्लस येतात आणि डॉक्टर समाधानाने मान हलवतात. या गोळीचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ मध्ये त्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं, आणि त्याने लघवीतून साखर जाते हे १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी दाखवलं. भारतात पेटंट संपलं आणि डॅपाग्लिफ्लोझिन स्वस्त झालं, म्हणून ते दादाला परवडतं. हृदय आणि किडनीलाही त्याने आधार मिळतो. फक्त जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून स्वच्छता कडक ठेवावी लागते, आणि कडक उपास किंवा शस्त्रक्रिया असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारावंच लागतं. एकादशीच्या आदल्या दिवशी मीच त्याला फोन करते.

माझ्यातला हा दोष घराण्यातून येतो, म्हणून माझ्या मुलाचीही लघवी तपासली. एक प्लस आलं. त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवलंय: मधुमेहाची शंका आल्यास रक्त तपासावं, नुसत्या लघवीवरून निदान करू नये.