कासवाच्या घरचे पाहुणे

आपल्याकडे कासवाशी पहिली ओळख होते ती देवळात. सभामंडपात पाऊल टाकलं की फरशीत बसवलेलं दगडी कासव दिसतं आणि आई हळूच दटावते, "पाय लावू नकोस, नमस्कार कर." दुसरी ओळख होते ती सशाच्या गोष्टीत. एवढ्या शिदोरीवर कासव म्हणजे जड, संथ, रखडत चालणारा प्राणी, अशी समजूत पक्की होते. पण समुद्रात पोहणारं कासव एकदा पाहिलं की वाटतं, ती गोष्ट रचणाऱ्याने ते पाण्यात कधी पाहिलेलंच नसणार.

मी ते पाहिलं लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर, थेट किनाऱ्यावरून पाण्यात उतरून. बोट नाही, पाठीवर हवेची टाकी नाही. चेहऱ्यावर काचेचा मास्क, तोंडात श्वास घ्यायची नळी, पायांत बदकाच्या पंजासारखे रबरी फिन आणि अंगात लाइफ जॅकेट. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं, एवढंच. माझं वय ५४ आणि मला पोहता येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'छे, हे आपलं काम नव्हे' म्हणून पान उलटणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळजणी असतील.

अगत्ती बेट अगदी चिमुकलं. लांबी सात-साडेसात किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त एखादा किलोमीटर. कोचीहून विमानाने दीड तासाच्या आसपास लागतो. विमान उतरतं बेटाच्या टोकाच्या चिंचोळ्या पट्टीवर, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत वाटत राहतं की आपण पाण्यातच उतरतोय. लक्षद्वीपला जायला बाहेरच्या माणसांना परवाना लागतो, तो निघण्यापूर्वीच काढून ठेवायचा. वस्ती मुस्लिम, बोली मलयाळमच्या वळणाची आणि लोक अतिशय अगत्यशील. कपड्यांच्या बाबतीत मात्र गावची मर्यादा पाळायची. मी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घालून पाण्यात उतरले. त्यात संकोचही नव्हता आणि ऊनही लागलं नाही.

बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाचा लांबलचक कडा आहे. समुद्राच्या लाटा त्या कड्यावर फुटतात, तिथे दूरवर एक पांढरी रेघ सतत हलताना दिसते. कड्याच्या अलीकडे मात्र पाणी उथळ आणि तळ्यासारखं शांत. यालाच लगून म्हणतात. हिरवी कासवं चरायला येतात ती इथे. हो, चरायलाच! मोठं झालेलं हिरवं कासव मुख्यतः शाकाहारी असतं आणि तळाशी उगवलेलं समुद्रगवत खातं. 'हिरवं' हे नाव त्याच्या कवचावरून नाही, तर आतल्या चरबीच्या रंगावरून पडलंय.

आमचा मार्गदर्शक बेटावरचाच होता. तिशीतला, मच्छीमाराच्या घरातला, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. त्याने आम्हाला लगेच आत नेलं नाही. कमरेइतक्या पाण्यात चांगला अर्धा तास शिकवणी घेतली. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबायचा आणि नाकाने हवा आत ओढायची. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. केसाची एखादी बट आत अडकली तरी पाणी शिरतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची. यावर आमच्या मुलीने "ईऽऽ" केलं, पण दुसरा सोपा उपाय नव्हता.

सगळ्यात अवघड गेलं ते तोंडाने श्वास घेणं. आयुष्यभर नाकाने श्वास घेतलेला. नाक मास्कमध्ये बंद झालं आणि तोंड पाण्यात गेलं की छाती घट्ट होते. "घाई नको मॅडम," तो म्हणाला, "श्वास सोडायला जास्त वेळ द्या. मग घ्यायचा तो आपोआप येतो." नळीत पाणी आलं तर चुलीत फुंकणीने फुंकतात तसं जोरात फुंकायचं. हे मात्र मला पहिल्या खेपेला जमलं. गावच्या चुलीचा अनुभव असा कामी आला. आमचे हे किनाऱ्यावरून टाळ्या वाजवत होते. त्यांचा रक्तदाब वर गेलेला असल्याने डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरायला मनाई केली होती.

मग त्याने नियम सांगितले. कासवाला हात लावायचा नाही. मागे लागायचं नाही. समोरून जायचं नाही, चार-पाच हात अंतर ठेवून बाजूने बघायचं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, त्यावर उभं राहायचं नाही. "आणि सगळ्यात मोठा नियम," तो म्हणाला, "कासव वर यायला लागलं की आपण जिथे असू तिथे थांबायचं. त्याच्या डोक्यावर जायचं नाही."

"का रे?"

"त्याला श्वास घ्यायचा असतो."

कासव मासा नाही, हे आपल्याला माहीत असतं, पण लक्षात राहत नाही. त्याला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुफ्फुसं असतात. तळाशी निवांत झोपलेलं कासव तासन् तास वर येत नाही, पण चरताना मात्र त्याला दर काही मिनिटांनी हवेसाठी वर यावंच लागतं. भेदरून पळालं तर पोटातली हवा आणखी लवकर संपते.

आम्ही निघालो. मी त्याच्या हातातली रबरी रिंग धरली होती. खाली वाळू, मग प्रवाळाचे गड्डे, त्यांतून ये-जा करणारे पिवळे-निळे मासे. पाण्यात सगळं एक तृतीयांशाने मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे हात पुढे करायचा मोह होतो. मी हात छातीशी धरून ठेवले. पुढे गवताचा पट्टा लागला. समुद्रगवत म्हटल्यावर मी हिरवंगार कुरण मनात धरलं होतं. हे तर मेंढ्यांचा कळप चरून गेलेल्या माळासारखं होतं, कुठे चार काड्या, कुठे नुसती वाळू.

त्या माळावर एक शिळा होती. मार्गदर्शकाने माझं मनगट दाबलं. शिळा हलली.

कवच जवळजवळ मीटरभर लांब असेल. तपकिरी, त्यावर सूर्याच्या किरणांसारख्या रेषा. शेपूट आखूड, म्हणजे मादी, हे त्याने नंतर सांगितलं. मान पुढे करून ती गवत तोडत होती, अगदी गोठ्यातली गाय खाते तशी, रमतगमत. वळायचं झालं की पुढचा एकच पंखा हलवायची आणि शंभर किलोंच्या पुढचं ते धूड पिसासारखं फिरायचं. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. तेवढं पाहणं मला पुरलं. पाण्याखाली दुसरा आवाज नव्हता, फक्त माझ्या नळीतून येणारा माझा श्वास. थोड्या वेळाने तिने खाणं थांबवलं आणि ती वर निघाली. आम्ही थांबलो. डोकं पाण्याबाहेर गेलं, फस्स आवाज झाला, आणि पुन्हा खाली. सारं दोन-तीन सेकंदांत. तीही माझ्यासारखीच वरच्या हवेवर जगणारी. त्या क्षणी माझी उरलीसुरली भीती गेली.

दुसऱ्यांदा ती वर निघाली तेव्हा मात्र निराळंच घडलं. जवळच पर्यटकांचा एक गट होता, बरोबर कुणी मार्गदर्शक नव्हता. त्यातल्या एका तरुणाने कॅमेऱ्याची काठी पुढे करत सूर मारला आणि वर येणाऱ्या तिच्या कवचाला हात घातला. ती अर्ध्या वाटेवरून वळली आणि तशीच, श्वास न घेता, खोल पाण्याकडे निघाली. दोघा-तिघांनी तिच्या मागे पाय मारले. आमचा मुलगा (एव्हाना मी त्याला 'आमचा' म्हणू लागले होते) ओरडत त्यांच्याकडे गेला. मी नळीतून श्वास घेत तरंगत राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की तिचा श्वास मी मोजते आहे. बऱ्याच वेळाने खूप लांब, एक काळा ठिपका पाण्याबाहेर आला आणि नाहीसा झाला.

"त्याला सांगितलं, कायद्याने गुन्हा आहे," मार्गदर्शक परत येऊन म्हणाला. खरंच आहे. समुद्री कासवं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ असतो त्याच रांगेत. "तो म्हणतो, फक्त हात लावला."

संध्याकाळी किनाऱ्यावर त्याचे काका जाळं विणत बसले होते. मी कासवाचं कौतुक करायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुतण्याकरवी विचारलं, "तुम्ही लोक पैसे देऊन त्यांना बघता. हे फाटलेलं जाळं कुणी फाडलं, ते विचारा."

या प्रश्नामागे मोठी कहाणी आहे. पूर्वी बेटांवर कासवाची शिकार होत असे आणि त्याची चरबी लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोळत. मग कायदा आला, शिकार थांबली, कासवं वाढली. ती खाणारे मोठे शार्कही समुद्रात कमी झाल्याचं अभ्यासक सांगतात. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेतल्या संशोधकांनी या बेटांवर वर्षानुवर्षं काम केलंय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अगत्तीच्या लगूनमधलं समुद्रगवत कासवांच्या गर्दीने कसं पालटून गेलं, ते नोंदलेलं आहे. २०२१ च्या अभ्यासातून दिसलं, की एका लगूनमधलं गवत संपलं की कासवं पुढच्या बेटाकडे सरकतात. गवतात लहान मासे वाढतात. गवत गेलं की तेही जातात आणि लगूनमध्ये जाळं टाकणाऱ्याच्या ताटातला घास कमी होतो. मी पाहिलेला तो उजाड माळ म्हणजे हीच कहाणी होती.

म्हणजे कासव वाचल्याचा आनंद आपल्याला, आणि त्याची किंमत मोजतात काका. ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या जागतिक संघटनेने हिरव्या कासवाला 'संकटग्रस्त' वर्गातून काढून 'कमी चिंतेच्या' वर्गात ठेवलं. बातमी आनंदाचीच. पण ती वाचताना मला ते फाटलेलं जाळं आठवलं.

पुतण्या हसून म्हणाला, "काका कासवाला शिव्या देतात आणि मी कासवावर घर चालवतो. जेवतो मात्र एकाच घरात." मला वाटतं, उत्तर याच वाक्यात आहे. आपल्या कोकणात वेळासला हे घडलेलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येऊ लागले, गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले, आणि कासवाचं अंडं खाण्यापेक्षा जपणं गावाला परवडू लागलं. कासव जपायचं ओझं ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्या हातात चार पैसेही पडले पाहिजेत. शंभर-सव्वाशे किलोचं जाळं ओढणाऱ्या माणसाला नुसता उपदेश करून भागत नाही.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा एवढं करा. बेटावरचाच मार्गदर्शक घ्या, एकट्याने उतरू नका. पाण्यात नेण्याआधी तो नियम सांगतो का, ते पाहा. जो म्हणेल, 'या, कासव धरून फोटो काढून देतो', त्याला नमस्कार करून दुसरा शोधा. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. हृदयविकार, दमा, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगाला क्रीमचे थर देण्यापेक्षा अंगभर कपडे घाला. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक असल्याच्या शंकेने हवाई बेटांवर २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ऑक्टोबरनंतरचे दिवस निवडा. मुलांना न्यायचं असेल तर किनाऱ्यावरच सांगून ठेवा, की आपण कुणाच्या तरी घरी चाललोय. पाहुण्याने स्वयंपाकघरातल्या डब्यांना हात लावायचा नसतो, हे मुलांना लगेच समजतं.

आणि गवतात एखादी शिळा हलली, तर जागच्या जागी तरंगत राहा. तुम्ही गडबड केली नाहीत, तर ती तुमच्यासमोर पोटभर जेवेल. थोड्या वेळाने ती मान वर करेल. तेव्हा तिला वाट द्या.