भीमाकांठचें जोडपें

आनंदीबाई कर्व्यांचें ‘माझे पुराण’ १९४४ सालीं निघालें. दौंडच्या आमच्या मामामामींनीं पन्नासांवर वर्षें संसार केला. लिहिलें मात्र कांहींच नाहीं. मामा १८७८ सालीं सुरू झालेल्या मनमाड मार्गावर गार्ड होते. शीळ ऐकली कीं मामी भाताला आधण ठेवीत. गाडी दुसऱ्याचीच निघाली, तर तो भात आम्हां भाच्यांच्या वांट्याला येई! परवां मामा म्हणाले, “धाकटी गेली ती माझ्याच मांडीवर.”

“होय, तुमच्याच,” मामी म्हणाल्या.

आम्हांस पोंचवावयास दारापर्यंत आल्या, तेव्हां हळूच म्हणाल्या, “त्या रात्रीं हे मनमाडला होते, बाळ. तूं कांहीं बोलूं नकोस हो.”

आंतून मामांनीं हांक मारली. त्या लगबगीनें परतल्या.