खालून आलेली ओल

राजापूर तालुक्यात आमचं घर बांधायला घेतलं तेव्हा मृगाआधी छप्पर चढावं म्हणून मी मे महिन्यात सिमेंटच्या ६० गोण्या एकदम आणून ठेवल्या. जुन्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर, भिंतीला टेकवून सहा-सहाच्या थप्प्या. वर दुहेरी ताडपत्री, कडेला चिरे. मधे दोनदा वळीव कोसळला, पण ताडपत्रीखाली थेंबही गेला नाही. मी बॅटरी घेऊन रात्री पाहून आले होते.

तीन आठवड्यांनी गवंडीकाकांनी तळाची गोणी ओढली. ती वाकलीच नाही. त्यांनी दुसरी फाडली, आतली गुठळी काढून माझ्या हातावर ठेवली. "दाब बाय, चिमटीत." फुटेना. वरच्या वजनाने दबून बसलेलं सिमेंट बोटांनी भुगा होतं. ओल खाल्लेलं होत नाही, कारण भिंतीत व्हायचं काम गोणीतच होऊन गेलेलं असतं.

"पण पाणी आलं कुठून?" मी विचारलं.

काकांनी जमिनीवर तळवा टेकवला आणि माझाही टेकवायला लावला. सारवण गार होतं. मातीतली ओल वर चढत होती, भिंतीतली आडवी येत होती, आणि घट्ट ताडपत्रीमुळे दमट हवा आतच कोंडली होती. तळाच्या दहा आणि भिंतीकडच्या चार गोण्या गेल्या. म्हणजे ७०० किलो सिमेंट. गुठळ्या फोडून, चाळून गिलाव्याला वापरू, असं एक बिगारी म्हणाला. पैशाची ओढ होती, मीही काकांकडे आशेने पाहिलं. ते म्हणाले, "मेलेलं सिमेंट कुटून जितं होत नाही." त्या गिलाव्याखाली आईची खाट असणार होती. मी गोण्या बाहेर काढायला सांगितल्या.

त्याच संध्याकाळी उरलेला माल हलवला. खाली विटांचे ठोकळे, त्यावर फळ्या, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासून हातभर लांब. गोण्या एकमेकींना चिकटून, म्हणजे फटीतून हवा खेळत नाही. आधी आलेली गोणी आधी निघेल अशी रांग लावली. सिमेंट तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं झालं, तर तपासल्याशिवाय वापरू नये, हे मला तेव्हा कळलं.

वाळूचं मला त्याहून नवल वाटलं. काकांनी ओली वाळू डब्यात काठोकाठ भरली, मग वरून पाणी ओतून काठीने ढवळलं, आणि वाळू चांगली चार बोटं खाली बसली. नुसती दमट वाळू पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त फुगते. घमेल्याने मोजणाऱ्याला वाटतं माप पुरं पडलं; प्रत्यक्षात वाळू कमी जाते, माल तेजीचा होतो आणि सुकताना तडकतो. तेव्हापासून ढीग झाकलेला, भोवती चर, आणि पावसानंतर मापाआधी डब्याची परीक्षा.

पाऊस लागल्यावर रोज काम थांबताना आम्ही अर्धवट भिंतींच्या माथ्यावर मेणकापड घालायचो, दोन्ही बाजूंनी हातभर खाली सोडून. जांभ्याचा चिरा सच्छिद्र, पाणी पितो. आणि ताज्या सांध्यातला माल एका सरीत धुऊन जातो. आई कंदील धरायची.

या मे महिन्यात त्या फळ्या शेजारच्या वाडीत एका घराच्या कामाला दिल्या. न्यायला आलेल्या पोराला मी दोनदा सांगितलं, भिंतीपासून हातभर लांब ठेव.