शून्य आधी तपासू या

चांगला दुकानदार आधी रिकाम्या तराजूचा काटा बघतो, मग माल तोलतो. प्रकाशाची शक्ती मोजणाऱ्या ऑप्टिकल पॉवर मीटरचंही तसंच आहे. अगदी अंधारातही त्याच्या डिटेक्टरमधून थोडासा विद्युतप्रवाह वाहतो. त्याला डार्क करंट म्हणतात. मीटर झीरो करायचा म्हणजे तेवढा भाग मोजून पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा करायचा.

आमच्या प्रयोगशाळेत मीटर संगणकाला जोडलाय. मुलं तिथूनच झीरोची कमांड पाठवतात. "मॅडम, कमांड गेली, झालं!" मी विचारते, "लेझर बंद आहे? डिटेक्टरला टोपण लावलं? झीरो पूर्ण झाल्याचं मीटरला विचारलं?"

उजेड फार असेल तर काही मीटर चूक दाखवतात. थोडा असेल तर तो गुपचूप शून्यात मिसळतो. मग १ नॅनोवॅटसारखी बारीक नोंद पार बिघडते, कधी उणेही येते. मूल प्रामाणिकपणे तेच आकडे लिहितं आणि त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

म्हणून उत्तर चुकलं की मुलाला रागवण्याआधी शून्य तपासू या. कमांड लांबून देता येते, पण टोपण जवळ जाऊनच लावावं लागतं.