शहापूरच्या गच्चीवरची सावली

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालो की मौदा मागे पडते, ठाणा येते आणि मग भंडारा शहर लागण्याआधी शहापूर. महामार्गावरचे गाव असल्याने बहुतेक प्रवासी खिडकीतूनच ते पाहतात. आम्ही मात्र दर उन्हाळ्यात तिथे उतरतो, कारण खालांचे घर तिथे आहे. या वेळी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. नवतपा सुरू झाला होता. धानाच्या बांध्या भेगाळून पडल्या होत्या आणि दुपारी कुत्रेसुद्धा रस्त्यावर दिसत नव्हते.

खालूंनी घरावर नवी खोली चढवली होती. नानींच्या इच्छेने तिचा एक भाग नमाजसाठी ठेवायचा ठरला होता. दोन दिवसांनी फरशीचा मिस्त्री येणार होता. त्याला सफची रेघ कुठून घ्यायची ते सांगायचे होते. एवढेच काम, म्हणून असरआधी आम्ही चौघे फोन घेऊन वर गेलो. चौघांनी किब्ला पाहिला आणि चार दिशा निघाल्या. एकाचा काटा २६१ अंशांवर, दुसऱ्याचा २९५ वर, तिसऱ्याचा मध्येच कुठेतरी, आणि चौथा तर उभ्या उभ्या फिरत होता. खालू म्हणाले, “मक्का एकच आहे ना रे?”

आम्हाला हसू आले. नानींना आले नाही. त्या जिन्याच्या तोंडाशी खुर्चीवर बसून ऐकत होत्या.

फोनमध्ये फिरणारी सुई नसते. एकमेकांशी काटकोनात बसवलेले तीन इवलेसे संवेदक असतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा किती भाग कोणत्या अंगाने येतो, ते तिघे मिळून मोजतात. आपल्या भागात हे क्षेत्र चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्ला, म्हणजे फारच क्षीण असते. शिवाय ते आडवे नसते. उत्तरेकडे जाता जाता ते जमिनीत तिरपे घुसते. म्हणून ‘खाली’ कुठे आहे हे सांगणारा दुसरा संवेदक लागतो. दोघांचा हिशेब जुळला की उत्तर दिशा मिळते, आणि उत्तर मिळाली की फोन कसा धरला आहे तेही कळते.

पण इतके क्षीण क्षेत्र बिघडवायला काय लागते? फोनच्या स्पीकरमध्येच चुंबक असते. आमच्यापैकी एकाच्या फोनच्या कव्हरला चुंबकाचे झाकण होते. ते काढताच २९५ चे २८६ झाले. फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवायला सांगतात तो याचसाठी. सगळ्या बाजूंनी वळवला की मोजमापे एका गोलाच्या पृष्ठभागावर पडायला हवीत आणि त्या गोलाचे केंद्र शून्यावर हवे. फोनमधल्या चुंबकाने ते केंद्र सरकते. किती सरकले ते शोधून वजा करायचे, की झाले.

आम्ही आठ काढून काढून थकलो, तरी दिशा जुळेनात. ही मेख नंतर लक्षात आली. आठ फिरवून फोनबरोबर फिरणाऱ्या लोखंडाची चूक निघते. स्लॅबमधल्या सळ्या फोनबरोबर फिरत नाहीत. त्या जागच्या जागी राहून प्रत्येक ठिकाणी वेगळी खोडी काढतात. आम्ही फोन जमिनीवर ठेवले होते, आणि कोपऱ्यात उरलेल्या सळ्यांची मोळी पडलीच होती.

मग घरामागच्या मोकळ्या बांधीत गेलो, फोन छातीच्या उंचीवर धरले, मोटारसायकलपासून लांब. चारही फोन २७७ ते २८० मध्ये आले. अल्हम्दुलिल्लाह! पण खालू अडले, “शहापूर आणि मक्का दोन्ही साधारण २१ अंश अक्षांशावर. मग किब्ला सरळ पश्चिमेला, २७० वर पाहिजे.” नकाशावर पट्टी ठेवली तर त्यांचे बरोबर. पृथ्वी मात्र गोल आहे. गोलावरचा सर्वात जवळचा मार्ग इथून पश्चिमेच्या सुमारे आठ अंश उत्तरेला झुकून निघतो. अल्-बेरूनींनी अकराव्या शतकात गझनीचा किब्ला काढताना असाच गोलाचा हिशेब मांडला होता. होकायंत्राने किब्ला पाहण्याबद्दल येमेनचा सुलतान अल्-अश्रफ यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाहूनही कमी, म्हणून त्याची चिंता नव्हती.

लोखंडाची ही कटकट मोठमोठ्यांनाही झाली आहे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचे चुंबकत्व मोजत असत. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ साली ते काम अलिबागला हलवले. तिथली इमारत चुंबकाला न जुमानणाऱ्या साहित्याची बांधली. लोखंडाऐवजी तांबे आणि पितळ चालते हे ऐकून खाला म्हणाल्या, “मग आमचा भंडारा काय वाईट?” खरेच, पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या या शहरातला हंडा होकायंत्राशेजारी ठेवला तरी ते हलत नाही.

पण बांधीतली दिशा वरच्या खोलीत न्यायची कशी? उपाय चुंबकाचा नव्हताच. २७ किंवा २८ मे रोजी सूर्य काबागृहाच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आपल्याकडे दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी कुठल्याही उभ्या वस्तूची सावली किब्ल्याच्या नेमकी उलट पडते. १५-१६ जुलैलाही २ वाजून ५७ मिनिटांनी हे घडते, पण तेव्हा विदर्भात ढगांचे राज्य असते. म्हणजे नवतपाच कामाला आला!

२८ तारखेला डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळून आम्ही गच्चीवर गेलो. बांबूला मिस्त्रीचा ओळंबा टांगला. दोरीची सावली खडूने आखली. पॅरापेटपासून ती रेघ दहा फुटांत किती सरकते ते टेपने मोजले, आणि तेच माप खोलीत भिंतीपासून घेतले. बांधीतल्या फोनशी ते एखाद्या अंशाने जुळले.

नानींनी तोवर दोन दिवस मनात ठेवलेले विचारले, “बेटा, मी तर खालच्या खोलीत तीस वर्षं सरळ पश्चिमेला तोंड करून नमाज पढले.” आवाज हलका होता. आम्ही मुलांनी एकमेकांकडे पाहिले. खालूंनी त्यांच्यापाशी बसून सांगितले की माणसाने आपल्या परीने दिशा शोधून नमाज अदा केली की ती होते. हनफी फिकहमध्ये दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत किब्ल्याची दिशाच मानतात. तुमचे तर आठच. नानींनी बोटांवर काहीतरी मोजले आणि तसबीह पुन्हा सुरू केली.

मिस्त्री आला तेव्हा तक्रार त्याची होती. रेघ तिरपी, टाइल कापून वाया जाणार. शेवटी टाइल भिंतीला सरळ बसवायची आणि सफेच्या जागी काळ्या दगडाची पट्टी तिरपी टाकायची ठरले. संध्याकाळी पट्टी बसली. सिमेंट ओले होते म्हणून आम्ही दाराशीच थांबलो. नानी म्हणाल्या, खालच्या खोलीतही खडूने एक रेघ ओढून द्या.