सोबतीच्या पोटातला पाव

इंग्रजीतल्या ‘कंपॅनियन’ या शब्दावर माझा फार जीव आहे, कारण त्याच्या पोटात पाव आहे. लॅटिनमधलं ‘कुम’ म्हणजे सह, ‘पानिस’ म्हणजे पाव. दोन्ही एकमेकांत मुरले, जुन्या फ्रेंच बोलीत मऊ झाले आणि नॉर्मनांच्या मागोमाग खाडी ओलांडून इंग्लंडात पोचले. जो आपल्याबरोबर पाव खातो, तो सोबती. आणाभाका नाहीत, जन्मोजन्मीची वचनं नाहीत.

नुसता पाव.

सहाव्या शतकात फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात हा शब्द उमटला. गॉथ लोक त्याही आधीपासून सोबत्याला ‘गाहलैबा’ म्हणत, त्यातही पावच. मला दिसते ती त्यांच्या छावणीतली गारठ्यानं आखडलेली संध्याकाळ, ओल्या घोंगड्यांचा आणि घोड्यांच्या घामाचा वास, गुडघ्यावर दाबून मोडलेला कडक पाव, आणि उद्या कोण उरेल याचा हिशेब न करता या हातातून त्या हातात सरकत जाणारे त्याचे तुकडे.

पाव वाटण्याच्या खुणा त्याहूनही जुन्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं पाँपेई आणि हर्क्युलेनियम गाडलं, तेव्हा तिथले पाव कोळसा होऊन टिकले. गोल, काळेकुट्ट, आणि मध्यापासून कडेपर्यंत खाचा. आठ वाटे. माझी नजर त्या खाचांपाशीच अडते : कणीक अजून ओली आहे, भट्टी तापते आहे, आणि कुणाची तरी बोटं खाणाऱ्यांच्या जागा आखून ठेवताहेत.

‘कॉम्रेड’ हाही भला शब्द. तो स्पॅनिश ‘कामारादा’तून आला, म्हणजे एका खोलीत राहणारे. पण एका छपराखाली राहूनही माणसं परकी राहू शकतात. आपल्या तुकड्यातला तुकडा देताना मात्र समोरच्याची थोडी भूक आपल्या अंगावर घ्यावी लागते.

तोच ‘पानिस’ पोर्तुगीजांच्या जिभेवर बसून गोव्यात उतरला आणि आपला पाव झाला. म्हणजे वडापावातला पाव आणि कंपॅनियन, दोघं एकाच भट्टीतले. गोव्यात पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, सायकलवरच्या टोपलीचं झाकण उचललं जातं आणि कोंड्याचा खरपूस वास दारापर्यंत येतो. ही कोंड्याच्या पावाची ऊन पोई मी कुणाला सुरीनं कापू देत नाही. ती हातानंच फाडायची, आतली वाफ तळव्याला लागू द्यायची, आणि मोठा तुकडा शेजारच्याला द्यायचा.