मंत्रिपद सुटले, दवाखाना राहिला

घरातली मुलगी डॉक्टर झाली की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर एक चित्र उभे राहते. स्वतःचा दवाखाना, दारावर नावाची पाटी, बाहेर बाकावर बसलेले पेशंट. अशा मुलीने राजकारणात जायचे म्हटले, तर ‘एवढं शिकून हेच करायचं होतं का?’ हा प्रश्न ठरलेला. डॉ. सुशीला नायर यांचे आयुष्य पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, हे लक्षात येते.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४चा, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील कुंजाहचा. थोरले बंधू प्यारेलाल हे गांधीजींचे सचिव. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयातून डॉक्टर होऊन १९३९मध्ये त्या भावाकडे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आल्या. थोड्याच दिवसांत वर्ध्याच्या भागात कॉलऱ्याची साथ उसळली आणि या तरुण मुलीने जवळजवळ एकटीने तिला तोंड दिले. गांधीजींनी ते पाहिले आणि त्यांना आपल्या प्रकृतीची जबाबदारी दिली.

तुरुंगातली डॉक्टर

ऑगस्ट १९४२मध्ये ‘भारत छोडो’ची हाक दिली गेली आणि सुशीलाताई पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी व कस्तुरबांबरोबर बंदिवासात आल्या. १५ ऑगस्टला तिथेच महादेवभाई देसाई अचानक कोसळले. जवळ डॉक्टर होती. पण काही उपयोग झाला नाही. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे सत्तावीस.

पुढे कस्तुरबांचे दुखणे वाढत गेले. सुशीलाताई आणि तिथेच बंदिवासात असलेले डॉ. गिल्डर उपचार करीत होते. शेवटी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आले. पण या अवस्थेत बांना इंजेक्शनांचा त्रास नको, असे गांधीजींनी ठरवले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा गेल्या. औषध दाराशी येऊनही रुग्ण वाचत नाही, हा धडा कोणत्याही डॉक्टरला जन्मभर पुरणारा आहे.

त्याच वर्षी सुटकेनंतर त्यांनी सेवाग्रामला छोटा दवाखाना सुरू केला. गर्दी इतकी झाली की आश्रमाची शांतता मोडू लागली आणि दवाखाना बाहेर हलवावा लागला. त्याचेच पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले.

दिल्लीची खुर्ची

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि राजकारणात उतरल्या. १९५२मध्ये दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री, मग तिथल्या विधानसभेच्या अध्यक्ष, १९५७पासून झाशीच्या खासदार. १९६२ ते १९६७ त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. एका डॉक्टरला याहून मोठा अधिकार कोणता मिळायचा?

पण या अधिकाराला मर्यादा होती. आपल्या घटनेप्रमाणे आरोग्य हा राज्यांचा विषय. केंद्रातला मंत्री योजना आखू शकतो, पैसा देऊ शकतो. एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर बसवणे त्याच्या हातात नसते.

याचा फटका बसला तो बायकांना. गांधीजींचा कृत्रिम संततिनियमनाला विरोध होता, आणि त्यांच्याच शिष्येच्या मंत्रिपदाच्या काळात, १९६५मध्ये, ‘लूप’ राष्ट्रीय कार्यक्रमात आला. स्वस्त, सोपे, एकदा बसवले की काम झाले, म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. शिबिरे भरली, आकडे वाढले. मग रक्तस्रावाच्या आणि दुखण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. ज्या बाईला त्रास होत होता, तिला तपासायला गावात डॉक्टर नव्हता, त्यातून स्त्री डॉक्टर तर नाहीच. थोड्याच काळात लूपचे नाव काढले तरी बायका घाबरू लागल्या. लूप खेड्यात पोहोचला होता, डॉक्टर पोहोचला नव्हता.

पुन्हा सेवाग्राम

मंत्रिपद १९६७मध्ये गेले. दोन वर्षांनी, गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ साली, सुशीलाताईंनी कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. खेड्यासाठी डॉक्टर हवा, तर त्याला खेड्यातच शिकवावे, ही त्यामागची दृष्टी. नव्या विद्यार्थ्यांनी आधी पंधरा दिवस आश्रमात राहायचे, खादी वापरायची. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, तिथे मुक्काम करायचा आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांच्या आजारपणाची विचारपूस वर्षानुवर्षे करायची.

आसपासच्या गावांसाठी आरोग्य विम्याची योजना निघाली. हप्ता पैशांत नाही, ज्वारीत! सुगीच्या दिवसांत घरटी ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचारांत सवलत घ्यायची. ज्यांच्या हाती रोख पैसा क्वचितच येतो, त्या शेतकऱ्याला हा हिशेब सहज समजला.

१९७७मध्ये त्या जनता पक्षातर्फे पुन्हा झाशीहून निवडून आल्या. पण घर म्हणायचे ते सेवाग्रामच. त्या अविवाहित राहिल्या. तिथली मुले-मुली त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत. जानेवारी २००१मध्ये सेवाग्रामलाच त्यांनी डोळे मिटले.

इथून शिकून गेलेला प्रत्येक डॉक्टर खेड्यात राहिला असे नाही. अनेकांनी शहरात दवाखाने थाटले, आणि त्यात गुन्हा काहीच नाही. एका महाविद्यालयाने देशाचा प्रश्न सुटतही नाही. तरीही, झाशीला त्या किती मतांनी निवडून आल्या हे आज कोणाला आठवत नाही. कस्तुरबा रुग्णालयाच्या दारात मात्र सकाळी आजूबाजूच्या गावांतून आलेल्या लेकुरवाळ्या बाया केसपेपर हातात घेऊन उभ्या असतात.

तेव्हा घरातली डॉक्टर मुलगी उद्या राजकारणात जाते म्हणाली, तर तिला अडवू नका. एवढेच विचारा, ‘खुर्ची गेल्यावर परत कुठे येशील?’